सोमवारचे पडदे

आर्डिस क्वामेचे हात बारा महिने कोमट असायचे, आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता. ती गोठेवाल्या शेतकऱ्याची मुलगी. मिनेसोटातल्या हिवाळ्यात पहाटे गाईंपाशी जायचं, गारठलेल्या बोटांनी सडांना यंत्राच्या नळ्या लावायच्या. बोटं सुजून लाल व्हायची. मोठेपणी असा धंदा करायचा की हात दिवसभर गरम पाण्यात राहिले पाहिजेत, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. शाळा संपल्यावर ती शहरात जाऊन केसांचं काम शिकली, परत आली, धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या लाइलशी लग्न केलं आणि एल्म पॉइंटच्या मुख्य रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानाला लागून, आपलं सलून थाटलं.

तेव्हापासून गावातल्या बायकांची डोकी तिच्या हाताखालून जात होती. लग्नाआधी, बाळंतपणानंतर आणि मेल्यावरसुद्धा. गावात कुणी बाई गेली की अंत्यविधी करणाऱ्यांचा फोन यायचा आणि आर्डिस आपली पेटी उचलून निघायची. मेलेल्या बाईचे केस विंचरताना ती तिच्याशी गप्पा मारायची. "हलू नकोस गं मेबल, भांग वाकडा येईल," असं म्हणताना तिला एकदा खुद्द पाद्रीबाबांनी ऐकलं होतं. त्यांनी आवाज न करता दार लोटून घेतलं.

सोमवारी सलून बंद असायचं. म्हणजे बाहेर तशी पाटी असायची. पण लाइल गेल्यावर घरात एकटीने बसवेना, म्हणून आर्डिस सोमवारीही दुकानात येऊन टॉवेल धुवायची, कात्र्यांना तेल द्यायची. आणि मागच्या दाराने कधीकधी एखादी बाई यायची. जिला इतरांसमोर खुर्चीत बसायची लाज वाटत होती अशी. औषधांनी केस गेलेली. नवऱ्याने कपाळ फोडलेली आणि त्या जागेवर बट ओढून घ्यायची होती अशी. आर्डिस काही विचारायची नाही. दर्शनी काचेवरच्या पडद्याची दोरी ओढायची, पडदा सर्रकन खाली यायचा, की म्हणायची, "हं, बस. पाणी जास्त गरम वाटलं तर सांग." यातलं एक अक्षर तिने कधी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

लावोन रास्क अशीच एका सोमवारी आली होती. लावोन आणि आर्डिस शाळेपासूनच्या मैत्रिणी. लावोनचा मुलगा ब्रेंट इराकमध्ये मारला गेला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. लावोनने डोक्यावरची लोकरी टोपी काढली. कानामागे आणि माथ्यावर टक्कलाचे चट्टे. लावोन स्वतःच्या हातांनी केस उपटत होती. "कळतसुद्धा नाही गं मला," ती म्हणाली. "टीव्ही बघत असते आणि मांडीवर बघते तर केसांचा ढीग." तो सगळा हिवाळा आर्डिसने पडदा ओढून तिचं डोकं सांभाळलं. उरलेल्या केसांत दुसरे केस गुंफले, चट्टे झाकले, तेल लावून चोळलं. वसंतात लावोनच्या डोक्यावर पुन्हा लव आली तेव्हा दोघी आरशासमोर रडल्या होत्या.

पुढे टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात काम करायला गोरी पोरं मिळेनाशी झाली, आणि सोमाली कुटुंबं गावात राहायला आली. बंद पडलेल्या बुटांच्या दुकानात त्यांचं किराणा दुकान निघालं. शाळेत पोरं वाढली, म्हणून बंद होऊ घातलेली शाळा टिकली, पण ते कुणी बोलत नव्हतं. बोलायचे ते वेगळंच. सलूनमध्ये हेअरड्रायरखाली बसलेल्या बायका एकमेकींना ओरडून सांगायच्या, कारण ड्रायरखाली ऐकू येत नाही. "त्यांना सरकार गाड्या फुकट देतं म्हणे!" "उद्या बघ, चर्चच्या शेजारी भोंगा लावतील!" आर्डिस म्हणायची, "बायांनो, माझ्या दुकानात हवामान आणि नातवंडं, दोनच विषय. बाकीचं रस्त्यावर." आधी हसून ऐकायच्या. मग निवडणुकीचं वर्ष आलं, घराघरांच्या अंगणात पाट्या लागल्या, सख्खे भाऊ एकमेकांकडे जेवायला जाईनासे झाले, आणि आर्डिसच्या या नियमाला कुणी हसेना.

त्याच वर्षी इफ्राह आली. तीही मागच्या दारानेच, सोमवारीच. कारखान्यातली पाळी संपवून आलेली विशीतली मुलगी, डोक्यापासून कंबरेपर्यंत जांभळं वस्त्र.

"तुम्ही सोमवारी पडदा ओढता, असं कारखान्यातली एक बाई म्हणाली," इफ्राह म्हणाली. "आम्हाला पुरुषांसमोर केस उघडे करता येत नाहीत. गावात आमची कुणी केस कापणारी नाही. शहरात जायचं तर अख्खा दिवस जातो."

आर्डिस म्हणाली, "मला तुमच्यासारखे केस करता येत नाहीत गं. खोटं कशाला बोलू?"

"माझी आई सांगेल तुम्हाला. ती फार बोलते."

आई खरंच फार बोलायची, तेही सगळं सोमालीत. आर्डिसच्या हातातला कंगवा काढून घ्यायची, दाखवायची, परत द्यायची, चुकलं की जिभेने चक्-चक् करायची. दुसऱ्या सोमवारी इफ्राहची मावशी आली, मग शेजारीण, मग कुणाची तरी सासू. पडद्याआड वस्त्रं उतरायची आणि रस्त्यावर मान खाली घालून चालणाऱ्या त्या बाया अशा काही खिदळायच्या, की आर्डिसला शाळेतली स्नानगृहं आठवायची. एक गोष्ट मात्र तिला कळेना. सगळ्याजणी तिला एडी का म्हणतात? शेवटी ती म्हणाली, "अगं, एडी हे पुरुषाचं नाव. माझं नाव आर्डिस."

इफ्राह हसता हसता खुर्चीवरून घसरली. "एडी नाही हो, एद्दो! एद्दो म्हणजे आत्या. मोठ्या बाईला नावाने कशी हाक मारणार?"

आर्डिसला भाऊ नव्हता, त्यामुळे तिला आत्या म्हणणारं जगात कुणी नव्हतं. तिने नळ सोडला, पण त्या दिवशी घरी जाताना ती तो शब्द तोंडात घोळवत होती.

काच झाकलेल्या दुकानाचा फोटो कुणी काढला ते कधीच कळलं नाही. तो गावाच्या ऑनलाइन पानावर आला, खाली ओळ: "सोमवारी इथे काय चालतं?" मग उत्तरांना ऊत आला. तिथे नमाज पढतात. तिथे पैसे गोळा करून परदेशी पाठवतात. गोऱ्या बायकांना आत घेत नाहीत. सलूनच्या दारावर एका सकाळी पुठ्ठा चिकटवलेला होता: "इथे अमेरिकन माणसांचे केस कापतात का?" आर्डिसने तो नखांनी खरवडून काढला. गोंद राहिलाच.

नेहमीच्या बायकांचे फोन येऊ लागले. "या आठवड्यात नको गं, कंबर धरलीय." "पाहुणे आहेत." आर्डिस बरं म्हणायची. रविवारी चर्चमध्ये मात्र पुढच्या बाकांवर तिला त्याच बायकांच्या माना दिसायच्या, आणि केसांना रोलर कुणी लावलेत ते तिला मागून बघूनच कळायचं. शेजारच्या गावात सलून चालवणाऱ्या पोरीचं काम. मागच्या वळवलेल्या बटांची ओळ नेहमी सैल. आर्डिस स्तोत्र म्हणत राहायची.

मग तिने एक गोष्ट केली. इफ्राहला फोन करून म्हणाली, "थोडे दिवस थांबू या का? वातावरण जरा निवळू दे."

"ठीक आहे, एद्दो," इफ्राह म्हणाली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला सवय आहे."

यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सोमवारी आर्डिस रिकाम्या दुकानात उघड्या काचेमागे बसून राहिली. येणारे-जाणारे आत डोकावून बघत होते. आत बघण्यासारखं होतं ते एवढंच: एक म्हातारी बाई आणि घडी केलेले टॉवेल. दुपारी तिने उठून पुन्हा फोन लावला. "मी घाबरट आहे गं, पण एवढीही नाही. पुढच्या सोमवारी ये. सगळ्यांना घेऊन ये."

"नक्की?"

"आईला आण. ती ओरडत नाही तोवर माझं काम सुधारत नाही."

लावोन त्या वेळी नगरपरिषदेवर निवडून आलेली होती आणि नगराध्यक्षपदासाठी उभी होती. दोघींचं बोलणं बंद झालं नव्हतं, पण आटलं होतं. तिने परिषदेत ठराव आणला: मुख्य रस्त्यावरच्या दुकानांनी दिवसा दर्शनी काचा झाकू नयेत, सुरक्षेसाठी. ठरावात कुणाचं नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. आर्डिसने तिला पोस्टापाशी गाठलं.

"लावोन, हे तू माझ्यासाठी काढलंयस."

"तुझ्याविरुद्ध काही नाही. तू भोळी आहेस, तुझा वापर होतोय."

"केस धुवायला माझा वापर होतोय. त्याचाच धंदा आहे माझा."

"माझा मुलगा त्या लोकांनी मारला, आर्डिस."

"ब्रेंट इराकमध्ये गेला. ही पोरगी सोमालियातली आहे, आणि ब्रेंट गेला तेव्हा ती रांगत होती."

लावोनने गाडीचं दार आपटलं आणि ती निघून गेली. आर्डिस पत्रपेटीला हात टेकून उभी राहिली.

ठरावावरच्या सभेला एवढी गर्दी झाली, की ती शाळेच्या जेवणघरात घ्यावी लागली. लहान मुलांची बुटकी बाकं, त्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली मोठी माणसं. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला, दाराजवळ, सोमाली. मध्ये मोकळी जागा, जणू कुणी रांगोळी आखलीय. आर्डिस कुठे बसावं ते न कळून मधल्याच बाकावर एकटी बसली. थोड्या वेळाने इफ्राहची आई उठली, डुलत डुलत आली आणि तिच्या शेजारी दणकन बसली.

लावोन बोलायला उभी राहिली. चांगलं बोलली, ती नेहमीच चांगलं बोलायची. गावाची काळजी, पोरांचं भवितव्य, उघडेपणा. आणि शेवटी म्हणाली, "माझा साधा प्रश्न आहे. प्रामाणिक बाईला पडदा कशाला लागतो?"

टाळ्या झाल्या. आर्डिसच्या अंगात तिडीक उठली. उत्तर जिभेवर होतं. एक वाक्य पुरलं असतं: तुला लागला होता, लावोन, एक अख्खा हिवाळा. ती ताडकन उठली. नगराध्यक्षांनी ध्वनिक्षेपक तिच्याकडे पाठवला. तिने समोर पाहिलं, आणि तिला दिसलं, की लावोनचा हात कानामागे गेलाय. तीच जागा. बोटं केसांत शिरून थांबली होती, आणि लावोनच्या चेहऱ्यावर अशी भीती होती जी आर्डिसने फक्त एकदाच पाहिली होती, लोकरी टोपी काढताना.

आर्डिसने ते वाक्य गिळलं. गिळताना टोचलं.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मला केसांचं काम येतं. पडदा मी ओढते. या मुली आल्या म्हणून नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून ओढतेय. इथे या खोलीत अशा बायका बसल्यात ज्यांच्यासाठी मी तो ओढलाय. त्यांना कुणी बघू नये असं वाटत होतं. का वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही. त्यांची नावं मी आज सांगणार नाही, उद्या सांगणार नाही, मरतानाही सांगणार नाही. तेव्हा जिला भीती वाटत असेल तिने भिऊ नये." ती थांबली. "या मुलींनाही कुणी बघू नये असं वाटतं. कारण वेगळं आहे, एवढंच. त्यांनाही मी विचारत नाही. पडदा प्रामाणिक बाईलाच लागतो, लावोन. लबाडाला लाज नसते."

ती बसली. एकही टाळी पडली नाही. संपलं, असं तिला वाटलं. आता सलून विकायचं आणि बहिणीकडे ॲरिझोनाला जायचं.

तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. बर्निस टोफ्ट, बँकेतली, उभी राहिली. भित्री बाई, फोनवरही कुजबुजायची. "त्यातली एक मी," ती म्हणाली. "नवरा मारायचा मला. टाके पडले होते, इथे. आर्डिसने ते झाकले म्हणून मी दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकले." आणि ती लगेच खाली बसली, तोंड ओंजळीत घेऊन. तिच्या शेजारणीने तिच्या खांद्यावर हात टाकला.

दुसरी उठली. "मी पण. कॅन्सर होता. सुनेलासुद्धा सांगितलं नव्हतं मी." सून शेजारीच बसली होती. "अगं बाई! आणि मी म्हणत होते आईंचे केस किती छान आलेत!" लोक हसले, आणि त्या हसण्याने खोलीतली हवा सैल झाली. तिसरी उठली, तिने नुसता हात वर केला आणि बसली.

मग हार्डवेअरवाला गेलन, जो सभेत कधी तोंड उघडत नाही, तो खाकरला. "मला एक शंका आहे. मी जेवणानंतर दुकानात पडदा ओढून जरा आडवा होतो. तो गुन्हा धरणार का?"

"मग तुझं दुकान दुपारी बंद का असतं ते आज कळलं!" कुणीतरी ओरडलं.

"आणि दाताच्या डॉक्टरचं काय? माझा उघडा जबडा रस्त्यावरून दिसायला हवा का?" आता नगराध्यक्षही हसू दाबत होते. दाराजवळ इफ्राह हे सगळं आपल्या बाजूच्या बायकांना भराभर सांगत होती, आणि तिथूनही हसू फुटलं, जरा उशिरा.

सगळे हसले नाहीत. एक टोळकं पाय आपटत निघून गेलं, जाताना एकजण सोमाली बायांकडे बघून काहीतरी पुटपुटला. पण तो निघून गेला, आणि त्याच्यामागे दार बंद झालं.

लावोनने चष्मा काढला, पुसला, घातला. "ठरावाची भाषा नीट नाही," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "मी तो तूर्तास मागे घेते." तो पुन्हा कधीच आला नाही.

आर्डिसचा जीव भांड्यात पडला. इतका, की तिला उठताच येईना. इफ्राहच्या आईने तिला काखेत हात घालून उभं केलं आणि कानाशी लांबलचक काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतेय गं?" आर्डिसने इफ्राहला विचारलं.

"म्हणतेय, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नसणार. आमच्याकडे चला."

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तिने समोशासारखे गरम सांबुसे खाल्ले, मिरचीने डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागून घेतले. बोटं तुपकट झाली, नाक वाहू लागलं. कितीतरी महिन्यांत तिला अशी भूक लागली नव्हती.

इफ्राहच्या मामेबहिणीचं लग्न त्या महिन्याच्या अखेरीस झालं. सोमवारी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नवरीच्या केसांत आर्डिसने ज्या काही वेण्या घातल्या त्या पाहून इफ्राहच्या आईने पहिल्यांदाच चक्-चक् केलं नाही. संध्याकाळी बायकांच्या दालनात आर्डिस आपल्या जाड तळव्यांच्या बुटांत नाचली. एका आजीबाईंनी तिच्या कपाळाला अत्तर लावलं, त्याचा वास दोन दिवस उशीला येत होता.

सगळं पूर्ववत झालं असं नाही. काही बायका परत आल्या, "कंबर बरी झाली" म्हणत, आणि आर्डिसनेही कंबरेची चौकशी केली. काही शेजारच्या गावालाच जात राहिल्या. त्या ऑनलाइन पानावर अजूनही काहीबाही यायचं, पण आता खाली बर्निस उत्तर द्यायची, तिच्या नावानिशी, आणि फोनवर कुजबुजणारी ती बाई लिहिताना भलतीच तिखट निघाली. इफ्राह केसांचं काम शिकायला रोज शहरात जाऊ लागली. आर्डिसने दुसऱ्या खुर्चीवरची पुस्तकं हलवून तिथे नवं गादीचं आवरण शिवलं.

लावोन निवडणूक हरली, थोडक्यात. बर्फ वितळायच्या सुमारास एका गुरुवारी ती सलूनच्या पुढच्या दाराने आत आली. ड्रायरखालच्या दोघीजणींनी माना वळवल्या.

"वेळ आहे का?" लावोन म्हणाली.

"आहे. बस."

आर्डिसने तिची मान बेसिनवर टेकवली, पाणी सोडलं, मनगटावर घेऊन पाहिलं. कानामागे बोटं गेली तेव्हा तिथे दाट, करडे केस होते. लावोनचे डोळे मिटलेले होते.

"तू सांगितलं नाहीस," ती इतक्या हळू म्हणाली, की पाण्यात ते बुडून गेलं असतं.

"काय सांगायचं होतं?"

आर्डिसने साबण चोळला, नीट, घाई न करता. फेस धुताना लावोन म्हणाली, "ती तुझी पोरगी गाडी फार वेडीवाकडी लावते. माझ्या फाटकासमोर."

"तू सांग तिला. इंग्रजी येतं तिला, तुझ्यापेक्षा चांगलं."

लावोनच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसू होतं की चिडणं, ते आर्डिसला उलट्या चेहऱ्यावरून ठरवता येईना. पण बेसिनवर टेकलेल्या मानेतला ताठा सुटत चालल्याचं तिच्या हातांना कळलं. तिने पाणी जरा गरम केलं आणि विचारलं, "चटका नाही ना बसत?"

"नाही," लावोन म्हणाली. "बरं वाटतंय."